एकादशीला सोडलेली दारू : एका फिटरचं प्रकरण

रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष, वारणाकाठच्या एका गावातला, साखर कारखान्यात फिटर. दारू वीसेक वर्षांची, त्यातली शेवटची सहा-सात वर्षं रोजची. आषाढी एकादशीला घरच्यांनी माळ घालायला लावली आणि त्या दिवसापासून दारू एकदम बंद. त्रयोदशीच्या रात्री त्यांना जीपमध्ये घालून मिरजेला आणलं तेव्हा अंगात ताप होता, अंग घामाने निथळत होतं आणि ते हवेत हात फिरवत कसले तरी नट आवळत होते.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि एक-दोन प्रसंग अशाच दुसऱ्या रुग्णांचे यात मिसळले आहेत. या कामात घरं बदलतात, प्रसंग फारसे बदलत नाहीत. प्रकरण लिहायचं कारण वेगळं आहे. या माणसाने दारू सोडायला कधी नकार दिला नव्हता. आधीच्या दोन वर्षांत तो तीनदा डॉक्टरांसमोर बसला होता आणि तिन्ही वेळा त्याच्या पोटावर, छातीवर, आकडीवर उपचार झाले. दारूवर झाले नाहीत.

आधीचा इतिहास

पहिला घोट विशीत, गावच्या यात्रेत. पुढे लग्न, नोकरी, दोन मुलं, आणि पगाराच्या दिवशीची 'बसणी'. ही सुरुवात बहुतेकांची अशीच असते, तिच्यात फार काही शोधण्यासारखं नाही. शोधण्यासारखी आहे ती ऑफ सीझनची गोष्ट. गळीत हंगामात तीन पाळ्यांत कारखाना चालतो, मशीन बंद पडलं की फिटरला झोपेतून उठवून नेतात. तेव्हा पिणं शिफ्ट सुटल्यावर एका क्वार्टरवर भागायचं. मार्च-एप्रिलात गाळप संपून पट्टा पडला की दुरुस्तीची सैल कामं, दुपार मोकळी, आणि कारखान्याच्या रस्त्याला देशीचं दुकान. हळूहळू सकाळी हात कापायला लागले. नाइन्टी, म्हणजे अर्धी क्वार्टर, मारल्याशिवाय पान्हा धरवेना. शेवटच्या वर्षात रोजच्या अडीच ते तीन क्वार्टर होत होत्या.

हे माप नीट समजून घ्यायला हवं, कारण घरचे 'थोडी घेतात' म्हणतात आणि डॉक्टरही तेच लिहून घेतात. आपल्याकडच्या देशी दारूच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आणि व्हिस्की-रमच्या बाटलीवरही तेच. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक युनिट धरलं तर एका क्वार्टरची सहा युनिटं. या गृहस्थांच्या पोटात रोज पंधरा ते अठरा युनिटं जात होती. दारू देशी म्हणून घातक आणि 'इंग्लिश' म्हणून बरी, हा समज निदान यकृताला तरी ठाऊक नाही.

पहिली संधी दोन वर्षांपूर्वी आली. कावीळ झाली. आधी गावठी औषध, ते डोक्यावर चोळून झालं, मग रुग्णालय. तिथे आठवडाभर सलाईन, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती : मद्यपान टाळावे. रोज पंधरा युनिटं पिणाऱ्या माणसाला ते कसं टाळावं, कुठे जावं, कुणाला भेटावं, याबद्दल एक शब्द नाही. त्यांनी दोन महिने टाळलंही. मग एका लग्नात बीअर घेतली, 'बीअर म्हणजे काय दारू आहे का' या नेहमीच्या युक्तिवादावर, आणि पंधरवड्यात मूळपदावर.

दुसरी संधी वाया गेली ती एका पुडीमुळे. बायकोच्या भावाने कुठूनशी पूड आणली. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात, त्यातलाच प्रकार. तिने ती आठवडाभर आमटीतून दिली. पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही, पण पुढे जे घडलं ते दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिराम या औषधाच्या प्रतिक्रियेशी तंतोतंत जुळतं. हे औषध पोटात असताना दारू घेतली की अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर थांबतं आणि अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. संध्याकाळी नेहमीची क्वार्टर घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या झाल्या, रक्तदाब उतरला. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. दवाखान्यात ईसीजी काढला, तो ठीक निघाला, आणि प्रकरण 'अॅसिडिटी'वर मिटलं. पुडीचं सत्य महिन्याभराने बाहेर आलं. त्यानंतर कित्येक दिवस ते घरात जेवले नाहीत. हॉटेलात खायचे आणि तिथेच प्यायचे.

डायसल्फिराम वाईट औषध आहे असं मुळीच नाही. रुग्णाने समजून-उमजून, तपासण्या करून, घरच्या कुणासमोर रोज घेतलं तर काहींना त्याचा चांगला आधार मिळतो. पण चोरून दिलेलं डायसल्फिराम जीव घेऊ शकतं, विशेषतः ज्याचं हृदय किंवा यकृत आधीच थकलेलं आहे त्याचा. त्या बाईला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. तिच्यासमोर दुसरा पर्याय कुणी ठेवलाच नव्हता.

एकादशी ते त्रयोदशी

थोरला भाऊ माळकरी. त्याने ठरवलं की आषाढीला याला माळ घालायची. गावाकडे हा उपाय मोठा आहे आणि तो कामही करतो, हे मी पाहिलं आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण सुटलं, आणि पुन्हा कुणी ग्लास पुढे केला तर माळेकडे बोट दाखवता येतं. इतकं सोपं निमित्त दुसरं नाही. पण ज्याच्या शरीराला रोजची सवय लागली आहे त्याच्या बाबतीत पहिले चार दिवस माळेच्या हातात नसतात.

आषाढीला ड्राय डे असतो. एरवी हे गृहस्थ आदल्या दिवशी साठा करून ठेवत. यंदा दशमीला रात्री दहाच्या सुमारास शेवटची क्वार्टर झाली आणि उरलेल्या बाटल्या भावाने मोरीत ओतल्या. सकाळी विठ्ठलाच्या देवळात माळ. त्यात एकादशीचा उपवास. साबुदाण्याचा घास तोंडात फिरायला लागला, पोटात फक्त चहा, तोही उलटून पडला. संध्याकाळपर्यंत हात, जीभ, पापण्या थरथरायला लागल्या, अंगाला घाम सुटला, झोप अजिबात नाही. भाऊ म्हणाला, "विष बाहेर पडतंय, पडू द्या."

विष बाहेर पडत नव्हतं. दारू मेंदूतली शांत करणारी रसायनव्यवस्था वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबते. वर्षानुवर्षं दारू मिळत राहिली की मेंदू तोल साधायला उत्तेजनाची बाजू वाढवत नेतो. सतत ब्रेक दाबलेला ट्रॅक्टर पुढे जावा म्हणून ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, तसं. ब्रेकवरचा पाय अचानक उचलला की जे होईल तेच इथे होतं. थरथर सहा ते चोवीस तासांत सुरू होते. आकडी येणार असेल तर ती साधारण पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. आणि सगळ्यात धोकादायक अवस्था, जिला डॉक्टर डिलिरियम ट्रेमन्स किंवा नुसतं 'डीटी' म्हणतात, ती दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. वेळेत उपचार मिळाले तर डीटीतले मृत्यू पाच टक्क्यांच्या खाली राहतात. घरात पडून राहिलेल्या रुग्णासाठी हा धोका कितीतरी पट असतो.

द्वादशीला पहाटे आकडी आली. दात घट्ट बसले, जीभ चावली गेली, कुणीतरी चप्पल हुंगवली. गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं, 'उपवासाने अशक्तपणा आलाय' म्हणून दुपारी घरी पाठवलं. दारू कधीपासून बंद आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. घरच्यांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी दारू सुटली हे आता चांगलं वर्तमान होतं, आजाराचं कारण नव्हे. ही तिसरी संधी.

त्या सलाईनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. रोज पिणाऱ्या माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेलं असतं. जेवण कमी, आणि जे पोटात जातं त्यातलंही दारूमुळे नीट शोषलं जात नाही. ग्लुकोज वापरायला पेशींना थायमिन लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूच्या काही भागांना इजा होऊ शकते. कार्ल व्हर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था : बुद्धी गोंधळलेली, डोळ्यांची हालचाल बिघडलेली, चालताना झोक जाणारा. उपचार चुकले तर स्मृती कायमची जाते. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यातही मिळतं.

त्रयोदशीला दुपारपासून त्यांना अंथरुणावर मुंग्या दिसायला लागल्या. मग भिंतीवरून उसाचा कॅरिअर, म्हणजे ऊस पुढे नेणारा पट्टा, चालायला लागला. रात्री ते उठून मिलच्या बेअरिंगला ग्रीस मारायला निघाले, मुलीला 'साहेब' म्हणाले, पान्हा मागायला लागले. डीटीत माणूस आपलं रोजचं काम हवेत करत राहतो हे वॉर्डात नेहमी दिसतं. शिंपी सुईत दोरा ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. शेजाऱ्यांचा सल्ला देवऋष्याकडे न्यायचा होता. दहावीतली मुलगी आडवी पडली, म्हणून जीप मिरजेच्या दिशेने निघाली.

दाखल झाल्यावर

डोक्याचा सीटी स्कॅन आधी केला, कारण आकडीत पडून मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर चित्र असंच दिसतं. तो साफ होता. पोटॅशिअम आणि मॅग्नेशिअम दोन्ही खालावलेलं. यकृताच्या एन्झाइम्समध्ये एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त, दारूच्या यकृतात दिसतं तसं. डोळे बाजूला वळवले की बुबुळं थरथरत होती, म्हणून व्हर्निकेचा संशय धरून ग्लुकोजच्या आधी शिरेतून थायमिन सुरू झालं, मोठ्या मात्रेत, दिवसातून तीनदा. आकडी आणि डीटीसाठी मेंदू शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातलं लोराझेपाम. एरवी याच गटातली क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम वापरतात, पण ती खराब यकृतात साठत जातात. मात्रा ठरवायला नर्स दर काही तासांनी घाम, कंप, बेचैनी, भास यांना गुण देत होती. भास फार होते त्या पहिल्या रात्री हात बांधावे लागले. नंतर दिवा चालू ठेवून, एकच ओळखीचा माणूस शेजारी बसवून भागलं.

पाचव्या दिवशी ते शुद्धीवर आले. मधल्या दिवसांतलं त्यांना मुंग्या सोडून काही आठवत नव्हतं. मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोललो ते सहाव्या दिवशी, तेव्हा ते म्हणाले, "पिली तरी मरतोय, सोडली तरी मरतोय. मग करायचं काय, ते सांगा की." ऑडिट या दहा प्रश्नांच्या तपासणीत चाळीसपैकी ३१ गुण आले. वीसच्या वर गेलं की बहुधा अवलंबित्व, म्हणजे दारूवाचून न चालणं, असतं.

डिस्चार्जचा दिवस

प्रकरणाचा खरा पेच इथे आहे. मेडिसिन वॉर्डाच्या दृष्टीने रुग्ण बरा झाला होता. पलंग हवा होता. भाऊ कपडे घेऊन आला होता. त्याचं म्हणणं असं : दारू अंगातून गेली, माळ गळ्यात आहे, आता वेड्यांच्या डॉक्टरकडे आणि केंद्रात कशाला? गावात काय सांगायचं?

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. सहा दिवसांत माणूस खरोखर वेगळा दिसतो. जेवतो, हसतो, पाया पडतो. पण अंगातली दारू उतरवणं आणि दारूचा आजार बरा करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला आठवडा लागतो, दुसरीला वर्ष-दोन वर्षं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक त्यात ५.७ कोटी आहेत. अवलंबित्व असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. बाकीचे कुठे जातात? माझ्या मते त्यातले बरेचसे आपल्या वॉर्डांतूनच जातात. कावीळ म्हणून, स्वादुपिंडाची सूज म्हणून, अपघात म्हणून दाखल होतात आणि 'मद्यपान टाळावे' घेऊन बाहेर पडतात. पुढची चिठ्ठी देऊन 'केव्हातरी जा' म्हटलं तर कुणी जात नाही. ज्या दिवशी माणूस स्वतः 'काय करायचं सांगा' म्हणतो, त्याच दिवशी त्याला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर, मानसोपचार विभागात, नेऊन सोडावं लागतं.

भावाशी तासभर बोलणं झालं. माळेला कुणी हात लावणार नाही, केंद्रातही सकाळी हरिपाठ म्हणता येतो, हे सांगितल्यावर तो सैल झाला. कायद्याचं सांगितलं तेही कामी आलं : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले आजार येतात, त्यामुळे रुग्ण स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो आणि त्याला कोंडून, मारून, साखळीने बांधून ठेवणं बेकायदा आहे. भावाच्या डोक्यात केंद्र म्हणजे नेमकं तेच होतं. नोंदणी नसलेल्या ठिकाणी तसे प्रकार घडतातही, म्हणून केंद्र निवडताना नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, आणि घरच्यांना भेटू देतात का, एवढं तरी विचारावं.

सही रुग्णाने केली. आधी मानसोपचार विभाग, तिथून साधारण महिन्याभरासाठी व्यसनमुक्ती केंद्र. महाराष्ट्रात या कामाला घरगुती, माणुसकीचं वळण लागलं ते पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केल्यापासून. आज बऱ्याच केंद्रांचा दिनक्रम त्याच धाटणीचा दिसतो : व्यायाम, गटचर्चा, श्रमदान, समुपदेशन, आणि बायकांसाठी वेगळा गट.

त्या बायकांच्या गटाचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. वहिनी, म्हणजे या रुग्णाची बायको, पहिल्या बैठकीत पुडीबद्दल बोलल्या तेव्हा आणखी दोघींनी तेच केल्याचं सांगितलं. नवऱ्याचे खिसे तपासणं, दुकानदाराची उधारी फेडणं, कारखान्यात 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, हे सगळं थांबवायचं असतं हे त्यांना तिथे कळलं.

औषध निवडताना पुडीचा इतिहास आडवा आला. डायसल्फिराम त्यांना नको होतं आणि यकृत पाहता आम्हालाही नको होतं. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनही यकृताच्याच कारणाने मागे ठेवलं. अकॅम्प्रोसेट हे दारूपासून दूर राहायला मदत करणारं औषध यकृतात न मोडता मूत्रपिंडावाटे जातं, ते सुरू केलं. अडचण एवढीच की दिवसाला सहा गोळ्या, आणि शिफ्टवाल्या माणसाची दुपारची गोळी हमखास चुकते. मुलीने ती डब्यात ठेवायला सुरुवात केली, या वेळी सांगून.

हंगामाची सुरुवात

ऑक्टोबरअखेर बॉयलर पेटला, गाळपासाठी उसाची पहिली मोळी टाकली गेली, संध्याकाळी पोरांनी पार्टी केली. तिथे त्यांनी माळ काढून खिशात ठेवली आणि प्यायले. एका ग्लासावर थांबलं असतं तर गट त्याला 'स्लिप' म्हणाला असता. पण माळ काढल्याची लाज इतकी झाली की ती बुडवायला पुढचे तीन-चार दिवस गेले. 'आता मोडलंच आहे' हा विचार पहिल्या ग्लासापेक्षा जास्त दारू पाजतो. शपथेवर उभ्या असलेल्या उपचाराचा हा कमकुवत सांधा आहे. शपथ एक तर शाबूत असते नाही तर मोडलेली, मधली जागा तिच्यात नाही.

या वेळी फरक पडला तो फोनचा. चौथ्या दिवशी वहिनींनी केंद्रात फोन केला आणि विचारलं, बाटली हिसकावू का? त्यांना सांगितलं, हिसकावू नका, ओरडू नका, आज संध्याकाळच्या आत घेऊन या. एकदा डीटी होऊन गेलेल्या माणसात पुढच्या वेळी दारू तुटताना त्रास लवकर आणि जास्त होण्याची शक्यता असते. थायमिन आणि लोराझेपामच्या आधाराने पाच दिवसांत ते सावरले. आकडी आली नाही, भास झाले नाहीत. माळेचा प्रश्न भावाने सोडवला. घरातल्या विठ्ठलाच्या फोटोसमोर ठेवून, काही न बोलता, त्याने ती पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली.

(घरात अशी वेळ आली आणि जवळपास कुणी ओळखीचं नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक, दोन्ही मोफत आहेत. आकडी, भास किंवा ताप असेल तर मात्र फोनवर वेळ न घालवता १०८.)

सध्याची स्थिती

पुढची आषाढी होऊन गेली. दारू बंद आहे. यकृताची एन्झाइम्स जवळपास सामान्य झाली, सोनोग्राफीत चरबी बरीच उतरली. तळपायांची बधिरता कमी झाली आहे, गेलेली नाही. दारूने झालेली नसांची इजा सगळी भरून येईल असं त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. नवी नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून खिशात वही असते. पाय बधिर असताना मिलच्या शिडीवर चढवणं धोक्याचं, म्हणून कारखान्याने वर्कशॉपमध्ये बदली दिली. त्यात ओव्हरटाइम बुडतो आणि घरात त्यावरून वाद आहेत. शनिवारी तालुक्याच्या गावी दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाची सभा असते, तिथे ते जातात, पण बोलत नाहीत. अकॅम्प्रोसेट आता थांबवायचं की येत्या हंगामाची मोळी पडेपर्यंत चालू ठेवायचं, यावर मतभेद आहेत : त्यांना बंद हवं, वहिनींना चालू. मूत्रपिंडाचे रिपोर्ट चांगले असल्याने सध्या तरी डिसेंबरपर्यंत चालू ठेवायचं ठरलं आहे.